शिल्लक आणि उलाढाल : यीस्टच्या पेशीतला हिशेब

फ्लास्कमध्ये वाढणारं यीस्ट नळीत ओतायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवायच्या, वरचं पाणी टाकून द्यायचं. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अगदी सुरुवातीला शिकवतात. पाच मिनिटांचं काम. पण भरपूर साखर मिळत असलेल्या यीस्टच्या पेशीत एटीपीचा, म्हणजे ऊर्जेच्या चलनाचा, साठा असतो तो जेमतेम एक-दोन सेकंद पुरेल एवढा. पेशी नेहमीच्या वेगाने चालत राहिली तर त्या पाच मिनिटांत तो शेकडो वेळा संपून पुन्हा भरला जाईल. प्रत्यक्षात नळीच्या तळाशी दाटीवाटीने बसलेल्या पेशींची साखरही तुटलेली असते आणि प्राणवायूही. तिथून काढलेला एटीपीचा आकडा कितीही अचूक असला तरी तो गुदमरलेल्या पेशीचा आकडा असतो. वाढत्या पेशीबद्दल तो काही सांगत नाही.

‘पेशीत अमुक रेणू किती आहे?’ हा प्रश्न दिसायला वाण्याच्या दुकानातल्या मोजणीइतका साधा. त्याचं उत्तर मिळवायला शंभर वर्षं का लागली, आणि बंगळुरूच्या बेल्लारी रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेने त्यातून काय काढलं, याचा हा आढावा.

मेटाबोलाइट म्हणजे चयापचयाच्या वाटेवरचे लहान रेणू : साखरी, त्यांचे फॉस्फेट, अमिनो आम्लं, सायट्रिक-मॅलिकसारखी आम्लं, न्यूक्लिओटाइड. यीस्टची पेशी पाचेक मायक्रॉन रुंद, तिचं आकारमान सुमारे 40 फेम्टोलिटर. एवढ्याशा जागेत हे सगळे एकाच वेळी बनत आणि मोडत असतात. 1996 साली यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, पेशीकेंद्र असलेल्या सजीवांत पहिला. जनुकं निघाली सुमारे सहा हजार. दोनच वर्षांनी स्टीफन ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी पेशीतल्या सगळ्या लहान रेणूंच्या गोळाबेरजेसाठी ‘मेटाबोलोम’ हा शब्द वापरला. 2012 मध्ये यीस्टच्या मेटाबोलाइटांची जी सूची प्रसिद्ध झाली तिच्यात सुमारे दोन हजार नोंदी होत्या. दोन हजार हे सहा हजारांपेक्षा कमी, म्हणून काम सोपं वाटेल. तसं नाही. डीएनए चार अक्षरांचं, त्यामुळे एकच यंत्र सगळं वाचतं. मेटाबोलाइटांना अशी एक लिपी नाही. कोणी पाण्यात विरघळतो, कोणी तेलात. कोणी उकळलं तरी टिकतो, कोणी हात लावताच मोडतो. एक दुसऱ्याच्या हजारपट असतो.

यीस्टवरच हे सगळं का सुरू झालं? कारण दारू आणि पाव. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी पेशी फोडून काढलेल्या रसातही साखर आंबते हे दाखवलं आणि आंबण्याला जिवंत पेशीच लागते हा समज मोडला. पुढच्या दशकात लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी त्याच रसात फॉस्फेट घातलं तर आंबणं एकदम वेग घेतं हे पाहिलं, आणि ते फॉस्फेट साखरेला चिकटून बसतं हेही शोधलं. हार्डन यांना 1929 चं नोबेल हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्यासह मिळालं. फॉस्फेट लक्षात ठेवा. बंगळुरूत ते पुन्हा भेटणार आहे.

जिवंत, न फोडलेल्या पेशीतला रेणू पाहण्याची पहिली युक्ती प्रकाशाची. एनएडीएच हा रेणू अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. 1964 मध्ये ब्रिटन चान्स, रोनाल्ड एस्टाब्रुक आणि अमल घोष यांनी यीस्टच्या पेशींत ही चमक झोक्यासारखी वर-खाली होताना टिपली. पेशीतल्या पातळ्या स्थिर नसतात, त्यांना ताल असतो, हे तिथे डोळ्यांना दिसलं. पण चमकणारे रेणू मोजके. बाकीच्यांसाठी पेशी फोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि फोडल्यावर त्या खिचडीतून एकेक दाणा वेगळा करणं आलं.

इथे बंगळुरू पहिल्यांदा कथेत येतं. गावातले जुने लोक ज्या भारतीय विज्ञान संस्थेला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागात के. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी कागदावर अमिनो आम्लं वेगळी करत होते. कागदी क्रोमॅटोग्राफी मूळ ब्रिटनमधली, मार्टिन आणि सिंज यांच्या गटाची. दोघांना 1952 मध्ये नोबेल मिळालं. त्यात कागदाची लांब पट्टी वापरत. गिरींनी गोल फिल्टर पेपर घेतला. मध्याभोवती लहान वर्तुळावर नमुन्यांचे थेंब ठेवायचे, मध्यातून वातीने द्रावक चढवायचा, तो चहूबाजूंनी बाहेर पसरतो आणि प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या अंतरावर चंद्रकोरीसारखी कमान काढून थांबतं. निनहायड्रिन फवारून तापवलं की कमानी जांभळ्या उमटतात. पट्टीवर येणाऱ्या पसरट डागापेक्षा ही कमान बारीक आणि रेखीव, आणि थेंबांच्या मधे एक माहीत असलेला नमुना ठेवला तर शेजारी लगेच ताडून पाहता येतं. अप्पाजी राव यांच्यासह गिरींनी ही पद्धत 1952 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली, त्याच वर्षी राधाकृष्णन आणि वैद्यनाथन यांच्याबरोबर केलेल्या कामात रेणू ओळखण्याच्या पुढे जाऊन तो किती आहे हे मोजताना काय काय आड येतं, याचीही छाननी केली. स्वस्त, चोख आणि कुठेही करता येण्याजोगं विज्ञान याहून वेगळं काय असतं? भारतीय विज्ञानाच्या कथांत गिरींचं नाव जितकं यायला हवं तितकं येत नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

कागद असो की यंत्र, पेशी थांबवायची कशी हा प्रश्न मात्र तसाच राहिला. प्रयोगशाळेत याला क्वेंचिंग म्हणतात. मराठीत म्हणायचं तर पेशीला आहे त्या क्षणी थिजवणं. 1992 मध्ये ॲमस्टरडॅमच्या डे कोनिंग आणि फान डाम यांनी दिलेला तोडगा आजही जगभर चालतो : यीस्ट सरळ उणे 40 अंश सेल्सिअसच्या, 60 टक्के मिथेनॉलच्या पाण्यात ओता. मिथेनॉलमुळे ते पाणी गोठत नाही, आणि त्या थंडीत एन्झाइमांचे हात आखडतात. मग पेशी गोळा करून त्यातले रेणू बाहेर काढा. त्यासाठी 1997 मध्ये गोंझालेझ, फ्रान्स्वा आणि रेनो यांनी उकळत्या इथेनॉलची पद्धत दिली. आधी हिमालय, मग भट्टी : पहिल्याने काम थांबतं, दुसऱ्याने एन्झाइम कायमचे निकामी होतात.

इथपर्यंत छान. पुढे भांडण लागलं. थंड मिथेनॉलचा धक्का बसला की पेशीचं आवरण गळू लागतं आणि आतले रेणू बाहेरच्या पाण्यात निसटतात, असं दिसून आलं. ते पाणी आपण फेकून देतो. म्हणजे तिजोरी मोजायच्या आधीच तिला भोक पाडल्यासारखं. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने हा गळका हिशेब पद्धतशीर तपासला : नमुना, फेकलेलं पाणी, धुतलेलं पाणी, सगळीकडचे रेणू मोजून बेरीज जुळते का पाहिलं. 60 टक्के मिथेनॉलमध्ये गळती खरोखर होती. जवळपास शुद्ध, तितकंच थंड मिथेनॉल वापरलं की ती आटोक्यात आली. असं असूनही आज प्रसिद्ध होणाऱ्या अनेक निबंधांत 60 टक्केच दिसतं. सवय मोडत नाही हे एक कारण. दुसरं कारण बरं आहे : एकाच पद्धतीने हाताळलेल्या दोन नमुन्यांची तुलना करायची असेल आणि दोन्हीकडे गळती सारखीच असेल, तर प्रमाण फारसं बिघडत नाही. मिलिमोलरमधला खरा आकडा हवा असेल तर मात्र ही पळवाट चालत नाही.

बेल्लारी रस्त्यावर, कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) आणि 2009 मध्ये सुरू झालेलं इनस्टेम शेजारी शेजारी आहेत. इनस्टेम ही मूळ पेशी आणि पुनरुत्पादक वैद्यकाची संस्था. तिथे पावाच्या यीस्टचं काय काम, असं वाटू शकतं. पण सुनील लक्ष्मण यांचा गट तिथे यीस्टलाच विचारतो : पेशी वाढायचं की थांबायचं हे कसं ठरवते, आणि त्या निर्णयात अन्नाचे रेणू काय बोलतात. लक्ष्मण त्याआधी डॅलसला बेंजामिन तू यांच्याकडे होते. तू यांनी 2005 मध्ये दाखवलं होतं की सतत पण तुटपुंजी साखर मिळणारं यीस्ट चार-पाच तासांच्या लयीत श्वास घेतं, आणि निम्म्याहून अधिक जनुकं त्या लयीत चालू-बंद होतात. पातळ्यांचं ते वर-खाली होणं मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजणं हा त्या घराण्याचा संस्कार.

2018 मध्ये अधीश वाळवेकर आणि लक्ष्मण यांच्या गटाने आपली मोजणीची पद्धत ‘वेलकम ओपन रिसर्च’मध्ये सविस्तर छापली. तीत उणे 45 अंशाचं, तेच 60 टक्के मिथेनॉल आहे, 80 अंशाच्या इथेनॉलमध्ये तीन मिनिटं आहेत, मग वाळवण, मग यंत्र. यंत्र म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘मास स्पेक’ म्हणतात. त्यात तीन चाळण्या एकापाठोपाठ असतात. पहिली ठराविक वजनाचा रेणू आत घेते, दुसरी त्याला फोडते, तिसरी ठराविक वजनाचा तुकडा मोजते. वजन आणि तुकडा दोन्ही जुळले तरच नोंद.

एवढी कडक झडती असूनही यंत्र फसतं. ग्लुकोज-6-फॉस्फेट आणि फ्रुक्टोज-6-फॉस्फेट यांचं वजन तंतोतंत सारखं. ल्युसिन-आयसोल्युसिनचंही तसंच, गिरींच्या कागदावरही ही जोडी एकमेकींना सोडत नसे. अशांना यंत्रात शिरण्याआधी नळकांड्यातच, म्हणजे कॉलममध्ये, वेगळं करावं लागतं. सायट्रेट, मॅलेटसारखी आम्लं तर कॉलममध्ये थांबतच नाहीत, धाडधाड वाहून जातात. बंगळुरूच्या पद्धतीत त्यांना आधी एक रासायनिक शेपूट जोडतात. मग ती कॉलमला धरून राहतात आणि यंत्राला नीट दिसतात. आणखी एक खोड : गर्दीतला एक रेणू दुसऱ्याचा आवाज दाबतो. त्यावर सगळ्यात देखणा उपाय पुन्हा डेल्फ्टचा. एक यीस्ट फक्त जड कार्बनच्या, कार्बन-13 च्या ग्लुकोजवर वाढवायचं. त्याच्या प्रत्येक मेटाबोलाइटचं वजन वाढलेलं असतं, स्वभाव तोच. त्याचा अर्क प्रत्येक नमुन्यात घातला की प्रत्येक रेणूला एक जड जुळं भावंड मिळतं. नमुना गळला, मोडला, दबला तर दोघं बरोबरच. गुणोत्तर तेवढं टिकतं.

जड अणूंचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि या लेखात ठासून सांगायचं ते हेच. मेटाबोलाइटची पातळी म्हणजे शिल्लक. शिल्लक पाहून उलाढाल कळत नाही. एखाद्या दुकानाच्या गल्ल्यात संध्याकाळी पाचशे रुपये असतील, तर धंदा थंड आहे म्हणून असतील किंवा पैसे येताच माल भरायला जात असतील म्हणूनही. पेशीत एखादा रेणू वाढलेला दिसला तर तो जास्त बनतोय की कमी खर्च होतोय, हे नुसत्या पातळीवरून सांगता येत नाही. तरी शोधनिबंधांत ‘अमुक वाढलं, म्हणजे तो मार्ग चालू झाला’ अशी वाक्यं सर्रास भेटतात. जड नायट्रोजन किंवा कार्बन थोडा वेळ खाऊ घालून तो किती लवकर कुठे पोचतो हे पाहिलं, तरच उलाढाल दिसते. वाळवेकर-लक्ष्मण यांच्या पद्धतीत ही सोय मुळातच आहे, म्हणून ती मी वरच्या पायरीवर ठेवतो. मिथेनॉलच्या टक्क्यांवरून माझी कुरबूर असली तरी.

या हिशेबातून निघालं काय? मेथिओनिनपासून सुरू करू. 2018 च्याच दुसऱ्या निबंधात त्यांनी लॅक्टेटसारख्या रुक्ष अन्नावरच्या यीस्टला मेथिओनिन दिलं, आणि तुलनेला गंधक नसलेली इतर अमिनो आम्लं. मेथिओनिन मिळालेल्या पेशींत पेंटोज फॉस्फेट मार्ग, ग्लुटामेटची घडण आणि त्यामागोमाग अमिनो आम्लं व न्यूक्लिओटाइड यांची बांधणी जोरात सुरू झाली. मेथिओनिन इथे विटेसारखं वापरलं जातंच, शिवाय गवंड्याला ‘चला, कामाला लागा’ असा निरोपही देतं.

फॉस्फेटची गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी. प्रथिनं बांधताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या काही टीआरएनएंच्या एका ठराविक जागी पेशी गंधकाचा अणू लावते. तो लावता न येणाऱ्या उत्परिवर्ती पेशी घेतल्या, तर 2019 च्या ‘ईलाइफ’मधल्या निबंधानुसार त्यांच्यातला कार्बन न्यूक्लिओटाइडकडे जायचं सोडून ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन या साठवणीच्या साखरींकडे वळलेला दिसला. टीआरएनएवरचा गंधक आणि कोठारातली साखर यांचा संबंध काय? उत्तर फॉस्फेटमध्ये निघालं. त्या पेशींत फॉस्फेट आत आणणारी यंत्रणा मंदावलेली होती. न्यूक्लिओटाइड बनवायला फॉस्फेट खर्ची पडतं. ट्रेहॅलोज बनवताना शेवटच्या पायरीला ते सुटं होऊन परत मिळतं. हातात रोकड नसलेला माणूस दागिने मोडतो, तशी पेशी ट्रेहॅलोज करून फॉस्फेट मोकळं करते. हार्डन आणि यंग यांनी जे फॉस्फेट यीस्टच्या रसात ओतलं होतं, त्याचाच हा शंभर वर्षांनंतरचा जमाखर्च. 2024 मध्ये याच गटाने दाखवलं की यूबीपी3 हे प्रथिन काढून टाकलं तर साखर भरपूर असतानाही यीस्टचे मायटोकॉन्ड्रिया जोमाने चालतात, आणि त्याचंही मूळ फॉस्फेटच्या वाटणीत आहे. त्या निबंधाच्या शीर्षकात ‘बजेटिंग’ हा शब्द आहे तो उगाच नाही.

एकाच पेशीपासून वाढलेली वसाहतही त्यांनी मोजली, एनसीबीएसच्या संदीप कृष्ण यांच्या गणिताची जोड घेऊन. थोड्याच ग्लुकोजवर वाढलेल्या वसाहतीत काळपट आणि उजळ असे दोन भाग दिसतात. काळपट पेशी उलट्या वाटेने साखर घडवतात आणि ट्रेहॅलोज बाहेर सोडतात. उजळ पेशी ते खाऊन वेगाने वाढतात. जनुकं एकच, घर एक, पण एक रांधतो आणि दुसरा जेवतो. इथे मोजणीची एक मर्यादाही उघडी पडते : सगळी वसाहत खरवडून एका नळीत टाकली असती तर दोन्हींची सरासरी निघाली असती, आणि ती सरासरी तिथल्या एकाही पेशीची नसती.

सरासरीचा हा दोष पेशीच्या आतही आहे. यीस्टच्या पेशीचा मोठा भाग रिक्तिकेने (व्हॅक्यूओलने) व्यापलेला असतो. तिच्यात आर्जिनिन, लायसिन आणि फॉस्फेटच्या लांब साखळ्या कोंडलेल्या असतात. पेशी फोडून ‘आर्जिनिन इतकं’ म्हटलं तर त्यातलं किती वापरात आहे आणि किती कुलपात, हे कळत नाही. एटीपीच्या पातळीप्रमाणे चमक बदलणारी प्रथिनं आता जिवंत पेशीत बसवता येतात. त्यांच्यामुळे एकेका पेशीत पाहता येतं, पण एका वेळी एखादाच रेणू. मास स्पेक शंभर रेणू दाखवतो, पण लाखो पेशी मारून. ही अडवणूक अजून सुटलेली नाही.

एक जुनी चूक आता कुठे लोक सुधारत आहेत. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरले जाणारे यीस्टचे वाण जनुकीय सोयीसाठी पंगू केलेले असतात : ल्युसिन, हिस्टिडिन, युरेसिल त्यांना स्वतः बनवता येत नाही, बाहेरून द्यावं लागतं. मग त्यांच्यात ल्युसिन मोजून काय मोजलं? आपणच घातलेलं. मार्कुस राल्सर यांच्या गटाने 2012 मध्ये सगळं स्वतः बनवू शकणाऱ्या उत्परिवर्तींचा संच तयार केला आणि 2016 मध्ये सुमारे 4,900 वाणांतली अमिनो आम्लं मोजली. बंगळुरूचा गटही सीईएन-पीके हे स्वावलंबी वाण वापरतो. दुसऱ्या कुणाचा निबंध हाती आला की मी आधी वाणाचं नाव बघतो.

इतका खटाटोप कशासाठी, तर 2016 मध्ये प्रिन्स्टनच्या जोशुआ रॅबिनोविट्झ यांच्या गटाने यीस्टच्या 25 वेगवेगळ्या वाढींत पातळी आणि उलाढाल दोन्ही मोजून ताडलं की रासायनिक क्रियेचा वेग ठरवण्यात एन्झाइमांपेक्षा मेटाबोलाइटांचा वाटा दुपटीहून जास्त. जनुकं आणि प्रथिनं मोजून पेशी कळेल असं मानणाऱ्यांना हा हिशेब पचायला जड गेला. उद्योगाला तो कधीच नवा नव्हता : बायोकॉनने 2004 मध्ये पिकिया यीस्टमधून बनवलेलं इन्सुलिन बाजारात आणलं, ते यीस्टच्या अन्नाच्या पातळीवर डोळा ठेवल्याशिवाय होणारं काम नव्हे. पवईच्या आयआयटीत जयदेव भट यांच्या गटाने यीस्टमधल्या गॅलॅक्टोजच्या स्विचवर दीर्घकाळ काम केलं, पण महाराष्ट्रात मेटाबोलाइटांची थेट मोजणी मात्र अजून मोजक्याच हातांत आहे.

म्हणून महाविद्यालयांतल्या जीवरसायनाच्या शिक्षकांना एक विनंती. मास स्पेक तुमच्याकडे नसेल. गिरींच्या पद्धतीला लागतो गोल फिल्टर पेपर, वात, ब्युटेनॉल-ॲसेटिक आम्ल-पाणी आणि निनहायड्रिन. यीस्टचे वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवता येतात, तो 1951 पासून चालू आहे. एक नमुना पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करून घ्या, दुसरा ओतल्याबरोबर थंड मिथेनॉलमध्ये, आणि दोघांच्या कमानी शेजारी शेजारी काढा. वाळवेकर-लक्ष्मण यांचा निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतो.